म्युझिक डायरेक्टर आणि संगीत दिग्दर्शक, हे दोघं एक नव्हेत

भाची दहावीला आहे, टिळकवाडीत व्हायोलिन शिकायला जाते, परवा विचारत होती, "मामा, झुबिन मेहता एवढे मोठे म्युझिक डायरेक्टर, मग त्यांची गाणी कुठली वो?" मेहता हे कंडक्टर, म्हणजे समोर उभं राहून हातातल्या काडीनं सगळ्या वादकांना सांभाळणारे, पण प्रश्न बरोबर आहे तिचा. आपल्या बेळगाव-खानापूर भागात ऑर्केस्ट्रा म्हणजे यात्रेतला, स्टेजवर निवेदक, दोन-तीन गायक, कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड, आणि म्युझिक डायरेक्टर म्हणजे चाल लावणारा. त्यामुळं घोळ होणारच.

सिनेमाचा संगीत दिग्दर्शक चाल करतो, गाणं त्याच्या डोक्यातून येतं. पुढं वाद्यांना काय वाजवायचं ते लिहून देणारा अरेंजर वेगळा असतो, शंकर-जयकिशनकडं हे काम आपल्या शेजारच्या गोव्याचे सेबॅस्टियन डिसूझा करायचे. नाव पडद्यावर चालवाल्याचं मोठं.

सिम्फनी ऑर्केस्ट्रात, म्हणजे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत वाजवणाऱ्या मोठ्या ताफ्यात, चाल आधीच लिहिलेली असते, जर्मन संगीतकार बेथोव्हेननं दोनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवली. तिथं म्युझिक डायरेक्टर हे मुख्य कंडक्टरचं पद आहे, वर्षभर कुठल्या रचना वाजवायच्या, वादक कोण घ्यायचे, तालीम कशी घ्यायची हे सगळं त्याच्याकडं. मेहता लॉस एंजेलिसच्या ऑर्केस्ट्रात १९६२ ते १९७८ आणि न्यूयॉर्कच्या ऑर्केस्ट्रात १९७८ ते १९९१ या पदावर होते, आणि एवढ्या वर्षांत स्वतःची चाल म्हणून काही द्यायची त्यांना गरजच नव्हती, कारण ते कामच वेगळं.

मग कंडक्टर करतो काय, नुसती काडी हलवतो? हे ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं. मी लग्नाच्या बँडमध्ये बरीच वर्षं क्लॅरोनेट वाजवली, आमचे मास्तर तालमीत मधेच हात वर करून सगळ्यांना थांबवायचे आणि म्हणायचे, "आता तू एकटा वाजव." मग कळायचं की माझा एक सूर किंचित चढा लागतोय, तो शेजारच्या ट्रंपेटच्या आवाजात मला स्वतःला ऐकूच येत नव्हता. ऐंशी-शंभर वादकांत हा कान ठेवायचा म्हणजे काय ते विचार करा. प्रत्येक वादकापुढं फक्त त्याची ओळ असते, सगळ्या ओळी एकाखाली एक असलेला स्कोअर फक्त कंडक्टरपुढं. त्यात आमच्या बी-फ्लॅट क्लॅरोनेटला कागदावर सी हा सूर लिहिलेला असतो आणि कानाला त्याच्याखालचा बी-फ्लॅट येतो, ते पण त्यानं वाचता वाचता मनात बदलून घ्यायचं.

आणि इशारा आवाजाच्या आधी द्यावा लागतो. बेथोव्हेनच्या पाचव्या सिम्फनीची (सिम्फनी म्हणजे ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेली मोठी रचना) सुरुवात बघा, ते तीन छोटे आणि एक लांब सूर सगळ्यांनी ऐकलेत, पण कागदावर त्यांच्या आधी अर्ध्या मात्रेची शांतता लिहिलीय. कंडक्टरची काडी त्या शांततेवर पडते, सूर नंतर येतात, आणि सगळी तंतुवाद्यं नि दोन क्लॅरोनेट एका दमात सुटायला हवीत. काडी डळमळली की सुरुवातच फाटली.

म्हणून मला वाटतं कंडक्टर हा चालवाल्यापेक्षा मास्तरांच्या जास्त जवळचा. मैफिलीत दिसतं ते तालमीत शिकवून झालेलं असतं. अमेरिकन कंडक्टर लिओनार्ड बर्नस्टाइन तर न्यूयॉर्क फिलहार्मोनिक हा ऑर्केस्ट्रा घेऊन १९५८ ते १९७२ पर्यंत टीव्हीवर मुलांना संगीत समजावून सांगत होते, असे ५३ कार्यक्रम झाले. (बर्नस्टाइन मात्र स्वतः चालीही करायचे, दोन्ही कामं एका माणसात असू शकतात.)

भाचीचा पुढचा प्रश्न, हे शिकायचं कुठं? थेट कंडक्टर होता येत नाही, आधी एक वाद्य पक्कं लागतं. मेहता १९५४ साली व्हिएन्नाला गेले, हान्स स्वारोव्स्कींकडं कंडक्टिंग शिकले आणि सोबत डबल बास (व्हायोलिनच्या घराण्यातलं सगळ्यात मोठं, खर्जातलं वाद्य) वाजवायचे, म्हणजे ऑर्केस्ट्रात मागं बसून बघितलेला माणूस. आपल्याकडं वाव अजून कमीच, मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, जवळचं म्हणाल तर चोर्ला घाट उतरून पणजीची कला अकादमी, तिथं पाश्चात्त्य संगीत शिकवतात.

तिला मी पाचव्या सिम्फनीचा स्कोअर छापून दिलाय आणि सांगितलंय, ऐकताना बोट फक्त दुसऱ्या व्हायोलिनच्या ओळीवर ठेव, पहिल्याच्या नको. काल रात्री फोन आला, तिसऱ्या पानावर हरवली म्हणे, परत पहिल्यापासून लावलंय.