लहान भट्टीची मोठी गळती

एप्रिल 2025 मध्ये महाजेनको या राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीने रशियाच्या रोसाटॉम या सरकारी अणुऊर्जा कंपनीशी थोरियम या किरणोत्सारी धातूवर चालणाऱ्या छोट्या अणुभट्टीच्या विकासासाठी सामंजस्य करार केला, तेव्हापासून आमच्या भुसावळात दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्यांकडे बोट दाखवून ‘आता थोरियम येणार, वीज जवळजवळ फुकट’ असे सांगणारे भेटतात. किरणोत्साराने केळीच्या बागा बसतील, अशी भीती घालणारेही भेटतात. रावेरच्या प्रत्येक केळ्यात पोटॅशियम-40 हा किरणोत्सारी घटक निसर्गतःच असतो, हे त्यांच्या गावी नसते. विजेचा दर परवडेल का, हा खरा प्रश्न आहे, आणि तो न्यूट्रॉनच्या, म्हणजे अणू फोडणाऱ्या कणांच्या, जमाखर्चापासून सुरू होतो.

युरेनियम-235 या इंधनाच्या अणूचे एक केंद्रक (मधला गाभा) फुटले की सरासरी अडीचच्या आसपास न्यूट्रॉन सुटतात. त्यांपैकी एकाने पुढचे केंद्रक फोडले तर फुटण्याची साखळी टिकते. बाकीचे कुठेतरी शोषले जातात किंवा भट्टीच्या गाभ्याबाहेर, म्हणजे इंधन असलेल्या भागाबाहेर, निसटतात. न्यूट्रॉन जन्माला येतात ते घनफळात, निसटतात ते पृष्ठभागातून. गाभ्याची त्रिज्या निम्मी केली, तर पृष्ठभाग एक-चतुर्थांश होतो, पण घनफळ एक-अष्टमांशावर येते, म्हणजे घनफळाच्या मानाने गळतीची वाट दुप्पट होते. कपाशीच्या काड्यांवर भाजलेले बामणोदचे भरताचे मोठे वांगे सोलताना बोटे पोळतात, आणि त्याच आरातले लहान वांगे केव्हाच निवलेले असते, त्यामागचे गणित हेच. गाभ्याभोवती परावर्तक बसवून काही न्यूट्रॉन परत फिरवता येतात, सगळे नाही. उरलेली तूट इंधन अधिक समृद्ध करून, म्हणजे त्यातले युरेनियम-235 चे प्रमाण वाढवून, भरावी लागते. बर्फ फोडणाऱ्या जहाजांवरील रोसाटॉमच्या रिटम-200 भट्टीला 20 टक्क्यांच्या जरा आतपर्यंत समृद्ध केलेले युरेनियम लागते, त्याचे हे एक कारण. वीज केंद्रांतील नेहमीच्या मोठ्या भट्ट्यांचे 5 टक्क्यांच्या आत भागते.

थोरियमने ही ओढाताण वाढते. थोरियम-232 मंद न्यूट्रॉनने फुटत नाही. ते न्यूट्रॉन गिळते, मग प्रोटॅक्टिनियम-233 बनते आणि सुमारे 27 दिवसांच्या अर्धायुष्याने (तेवढ्या दिवसांत निम्मे बदलते) त्याचे युरेनियम-233 होते, जे फुटते. म्हणजे साखळीसाठी एक न्यूट्रॉन आणि खर्ची पडलेले इंधन पुन्हा घडवण्यासाठी आणखी एक. दुधाला जसे विरजण, तसे थोरियमला सुरुवातीला समृद्ध युरेनियम किंवा प्लुटोनियम लागतेच.

अमेरिकेत आयडाहो येथे 77 मेगावॉटच्या सहा छोट्या भट्ट्यांचा प्रकल्प आखला होता. हजार युनिटमागे 58 डॉलरचा अपेक्षित दर जानेवारी 2023 मध्ये 89 डॉलरवर गेला आणि नोव्हेंबरात प्रकल्प गुंडाळला गेला. तिथे दोष न्यूट्रॉनचा नव्हता, पोलाद आणि व्याज महागले होते. त्याच वर्षी टेक्सासने मात्र अशा भट्ट्यांच्या अभ्यासासाठी राज्याचा कार्यगट नेमला.

आपल्याकडे असा अभ्यास झाला, तर त्यात पोलाद-व्याजाच्या आधी या विरजणाची किंमत मांडावी लागेल: ते कोण देणार, किती वर्षे आणि कोणत्या चलनात.