ॲसिड की ब्लीच? भाड्याचं घर रिकामं झाल्यावर

भाडेकरू घर सोडून गेला की सिंकखालच्या कपाटात दोन-तीन अर्धवट बाटल्या हमखास सापडतात. लेबल भिजून पुसट झालेलं, झाकण चिकटलेलं. आपण त्या सगळ्यांना सरसकट ‘बाथरूमचं ॲसिड’ म्हणतो आणि हाताला येईल ती डागावर ओततो. मीही बरीच वर्षं हेच केलं. एका संगमरवरी उंबऱ्याची चकाकी त्यात कायमची गेली.

टॉयलेट क्लीनरमध्ये बहुधा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. त्याचं काम क्षार विरघळवणं. कमोडच्या आत किंवा नळाच्या मुळाशी जमलेला खरखरीत थर म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. ॲसिड पडलं की तो फसफसतो, कार्बन डायऑक्साइड निघतो आणि थर सुटतो. घोळ इतकाच, की संगमरवरही कॅल्शियम कार्बोनेटच. ॲसिडला डाग कुठला नि फरशी कुठली, काही कळत नाही. टाइल्सच्या सांध्यातलं सिमेंटही ते खातं आणि नळाचं क्रोम काळवंडवतं.

ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं पाणी. हे ॲसिडच्या अगदी उलट, अल्कधर्मी. ते रंग उडवतं, जंतू आणि बुरशी मारतं, पण क्षाराला ढिम्म हलवत नाही. फसगत होते ती इथेच: पिवळट थरावर ब्लीच टाकलं की थर पांढरा दिसतो, आपण खूश. नखाने खरवडून बघा, जागच्या जागी असतो. लोखंडाच्या तांबूस डागावर तर ब्लीच टाकूच नये, डाग आणखी पक्का बसतो. ब्लीचची खरी जागा म्हणजे टाइल्सच्या सांध्यांतले आणि सिलिकॉनवरचे काळे ठिपके. तिथेही लावून 10 मिनिटं थांबायचं, लगेच घासायचं नाही. प्लास्टरच्या भिंतीवरची बुरशी मात्र ब्लीचने फक्त फिकी पडते. आत ओल असेपर्यंत ती परत येणारच. तिथे बाटली नको, प्लंबर हवा.

आणखी एक, ब्लीच बाटलीत पडल्यापडल्याही मरतं. ऊन आणि उष्णता लागली तर लवकरच. आधीच्या भाडेकरूने ठेवलेल्या जुन्या बाटलीवर विसंबू नका.

आता ही दोन्ही एकत्र आली तर? क्लोरीन वायू निघतो. तो हवेपेक्षा जवळजवळ अडीचपट जड, म्हणून खाली साचतो. आणि कमोड घासताना आपलं तोंड नेमकं खालीच असतं. ‘दोन्ही घातलं की दुप्पट साफ’ असं एका सफाईवाल्याने मला मोठ्या खात्रीने सांगितलं होतं. घशात झोंबलं की ‘एवढं संपवतो’ म्हणू नका. दार उघडं टाकून बाहेर पडा. अमोनिया असलेलं क्लीनरही ब्लीचमध्ये नको, त्यातून क्लोरामाइन वायू निघतात.

मुद्दाम मिसळणारे तसे कमीच म्हणा. चूक होते ती कपाट रिकामं करताना. उरलेलं ॲसिड सिंकमध्ये ओतलं, मागोमाग ब्लीच. सिंकखालच्या वाकड्या पाइपात पाणी कायम साठलेलं असतं, पहिली बाटली तिथेच थांबलेली असते आणि दुसरी तिला तिथे गाठते. त्यामुळे बिनलेबलची बाटली मी आता उघडून वास घेत नाही आणि ओततही नाही. झाकण घट्ट लावून, उभीच, घातक कचऱ्यात देतो.