आयएसएसएन खरा, जर्नल खोटं

विद्यापीठ अनुदान आयोगाने दर्जेदार मानलेल्या शोध-जर्नलांची ‘यूजीसी-केअर’ यादी बंद केल्याचं फेब्रुवारी २०२५मध्ये जाहीर केलं. २०१९पासूनच्या या यादीचं काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातला कक्ष पाहत होता. ‘केअरमध्ये आहे ना?’ एवढं विचारलं की भागायचं. आता जर्नल पारखायचं काम लेखकाकडे आणि कॉलेजच्या ग्रंथपालाकडे आलं आहे.

बहुतेक जण आधी आयएसएसएन, म्हणजे जर्नलला मिळणारा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, बघतात. या आठ आकडी क्रमांकाचा शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो. बंगळुरूच्या ‘करंट सायन्स’चा क्रमांक घ्या: ००११-३८९१. पहिल्या सात आकड्यांना डावीकडून अनुक्रमे ८, ७, ६, ५, ४, ३, २ने गुणून बेरीज केली की ६५ येते. तिला ११ने भागल्यावर बाकी १० उरते आणि ती ११मधून वजा केली की १. शेवटचा आकडा तोच आहे. (वजाबाकी १० आली तर तिथे रोमन दहा, म्हणजे ‘एक्स’ छापतात, बाकीच शून्य असेल तर शून्य.) मनाने ठोकून दिलेला क्रमांक या हिशेबात बहुधा सापडतो.

पण आयएसएसएन ही नुसती ओळख आहे. पेपर कोणी तपासले, तपासले की नाही, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. शिवाय खरी लबाडी हिशेबात सापडतच नाही, कारण क्लोन, म्हणजे नकली, जर्नल जुन्या, नावाजलेल्या जर्नलचं नाव, संपादक मंडळ आणि आयएसएसएनही जसाच्या तसा उचलतं. सावज ठरतं ते बहुधा एखाद्या संस्थेचं छापील जर्नल: ज्याला वेबसाइटच नाही, किंवा ज्याच्या डोमेनचं नूतनीकरण करायचं राहून गेलं. ते सुटलेलं डोमेन दुसराच कोणी विकत घेतो आणि त्यावर ‘कॉल फॉर पेपर्स’ झळकतो.

म्हणून तपासायची ती वेबसाइट. आयएसएसएन पोर्टलवर क्रमांक टाकून प्रकाशकाचं नाव आणि देश पाहा, मग त्या प्रकाशकाच्या किंवा संस्थेच्या मुख्य साइटवरून जर्नलपर्यंत जा. ईमेलमध्ये आलेल्या लिंकवरून जाऊ नका. डेटाबेसमधली लिंकही डोळे मिटून धरू नये: क्लोनचे पत्ते ‘स्कोपस’ या जर्नलांच्या मोठ्या डेटाबेसमध्ये शिरल्याचं उघड झाल्यावर २०२३च्या अखेरीस तिथल्या जर्नलांच्या पानांवरून वेबसाइटच्या लिंकच काढून टाकाव्या लागल्या. डोमेन कधी नोंदवलं हे ‘हू-इज’ शोधात कळतं. जर्नल १९८५चं आणि डोमेन आठ महिन्यांचं, असं दिसलं तर तिथेच थांबा.

मग जुने अंक उघडा. चार-पाच पेपरांचे डीओआय (प्रत्येक पेपरचा कायमचा ओळख क्रमांक) कॉपी करून डीओआयच्या मूळ साइटवर टाका. ‘१०.’ने सुरू होणारा आकडा नुसता छापायला कुणालाही येतो. नोंदच नसेल तर तो कुठेच उघडत नाही. उघडलाच, तर त्याच पेपरवर जातो का तेही बघा. छापील अंक एखाद्या ग्रंथालयात असेल तर खंड क्रमांक आणि अनुक्रमणिका ताडून पाहा. क्लोनचं पितळ इथे बहुधा उघडं पडतं. मागे घेतलेल्या पेपरांवर नजर ठेवणाऱ्या ‘रिट्रॅक्शन वॉच’ या साइटची अपहृत, म्हणजे क्लोन झालेल्या, जर्नलांची यादीही चाळावी, मात्र तिच्यात नाव नाही म्हणजे जर्नल निर्धोक, असं नव्हे.

‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या केंद्र सरकारच्या सामायिक वर्गणीच्या योजनेतल्या सुमारे १३,००० जर्नलांच्या यादीला नवी केअर लिस्ट समजायचा मोह होईल. ती वर्गणीची यादी आहे. वर्गणी न घेणारी उत्तम मुक्त जर्नलं तिच्यात सापडतीलच असं नाही. त्यांच्यासाठी डीओएजे ही मुक्त जर्नलांची ऑनलाइन सूची पाहावी.

हे सगळं पेपर पाठवण्याआधीच करायचं. क्लोनमध्ये एकदा छापून आलं की मूळ जर्नल किंवा दुसरं कोणीही तोच मजकूर ‘आधीच प्रसिद्ध’ म्हणून परत करू शकतं. पेपर पाठवून झाला असेल, तर कॉपीराइट फॉर्मवर सही करू नका, पैसे भरू नका आणि मागे घेत असल्याचं ईमेलवर लेखी कळवा. माघारीसाठी वेगळी फी मागितली तर तीही देऊ नका. पत्रव्यवहार मात्र जपून ठेवा, पुढच्या संपादकाला दाखवायला तोच कामी येतो.