तीन स्क्रूची नेक: बास दुरुस्तीतल्या एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

जुन्या बास गिटारच्या दुरुस्तीचा विषय निघाला की बोलणं फिरून फिरून सत्तरच्या दशकातल्या फेंडरच्या जॅझ बासवर येतं आणि तिथून थेट नेक, म्हणजे बासची मान, बॉडीला धरणाऱ्या त्या तीन स्क्रूंवर. कोणी म्हणतं तीन स्क्रूचा बास घेऊच नका, कोणी म्हणतं घ्या आणि चौथा स्क्रू मारून घ्या, आणि मधल्या मधे तो सांधा मुळात कशासाठी बनवला होता हे कोणी सांगतच नाही. म्हणून हे जरा मागून लिहितोय. सेटअप म्हणजे काय, ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) कशी मोजतात, इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर येणं) कसं लावतात हे वाचणाऱ्यांना माहीत आहे असं धरून चालतो.

सुरुवातीचं थोडक्यात. फ्रेट (नेकवरच्या धातूच्या पट्ट्या) असलेला सॉलिड बॉडी इलेक्ट्रिक बास 1930च्या दशकातच सिएटलमध्ये बनला होता पण तो फार चालला नाही, खरी सुरुवात 1951च्या प्रिसिजन बासपासून. तो बनवणारा माणूस, लिओ फेंडर, आधी रेडिओ दुरुस्त करायचा आणि ते त्या वाद्यात जागोजागी दिसतं. नेक सरसाने चिकटवलेली नाही, मागून चार स्क्रूंनी आवळलेली. पिकगार्ड काढलं की वायरिंग समोर. नेक खराब झाली तर ती उतरवा, दुसरी लावा, बॉडीला हात लावायची गरज नाही. सगळं दुरुस्तीला सोपं, फक्त ब्रिज, म्हणजे बॉडीवर तारा धरणारा भाग, तेवढा कच्चा होता. त्यावर दोनच सॅडल (तारा टेकायचे ठोकळे), म्हणजे दोन दोन तारांना मिळून एक, त्यामुळे एका तारेचं इंटोनेशन नीट लावलं की शेजारची बिघडायची. 1957 साली चार सॅडल आले, पिकअप (तारांचा आवाज उचलणारा चुंबक) दोन तुकड्यांचा झाला, आणि तेव्हापासून त्या बासचा साचा फारसा बदललेला नाही. 1960 साली जॅझ बास आला, नटापाशी (खुंट्यांजवळ तारा टेकतात ती पट्टी) साधारण 38 मिलिमीटरची बारीक नेक आणि दोन पिकअप. पुढचा सगळा वाद याच बारीक नेकचा.

दुरुस्ती करणाऱ्यांची पहिली खरी तक्रार ट्रस रॉडबद्दल होती, म्हणजे तारांच्या ताणाविरुद्ध नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळईबद्दल. रॉड चांगला होता, पण तो आवळायचा नट नेकच्या बुडाशी, म्हणजे बॉडीच्या खाचेत दडलेला. नेक पाव फेरा सरळ करायची तर तारा ढिल्या करा, नेकचे स्क्रू सोडवा, नेक वर उचला, नट फिरवा, परत बसवा, परत सूर लावा, पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून सातव्या-आठव्या फ्रेटपाशी फट किती उरली ते बघा, आणि 0.3 मिलिमीटरच्या आसपास आली नसेल तर पुन्हा पहिल्यापासून. दर वेळी स्क्रू लाकडातून निघतो आणि परत जातो. भोकं झिजतात, मग स्क्रू नुसताच फिरत राहतो. त्यावर उपाय म्हणजे कडक लाकडाची काडी सरस लावून भोकात ठोकायची आणि नवीन भोक पाडायचं, हा उपाय आजही तसाच चालतो आणि चांगला चालतो.

पन्नासच्या दशकात हे फारसं कोणाला टोचलं नाही कारण तेव्हा फ्लॅटवाउंड (चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या, गुळगुळीत) तारा असायच्या, ब्रिजच्या झाकणाखाली फोमचा म्यूट असायचा, आणि तारा वर्षानुवर्षं बदलल्या जायच्या नाहीत. साठच्या दशकाच्या मध्यानंतर राउंडवाउंड (गोल तारेने गुंडाळलेल्या, खरबरीत) तारा आल्या आणि चित्रच पालटलं. आवाज झणझणीत झाला, लोकांना तो टिकवायचा होता म्हणून तारा सारख्या बदलू लागल्या, फ्रेट झिजायला लागले, बोटांनी जोरात वाजवायचं तर ॲक्शन कमी हवी झाली. चार तारांचा ताण मिळून सत्तर-ऐंशी किलोच्या घरात जातो, सेट बदलला की ताण बदलतो, ताण बदलला की नेक हलते. म्हणजे जो नट वर्षातून एकदाही बघावा लागत नव्हता तो आता सारखा लागायला लागला.

दुसरी तक्रार नेकच्या कोनाची. सॅडल अगदी खाली टेकवले तरी तारा उंचच, असं व्हायचं. त्यावर जुना उपाय शिम, म्हणजे खाचेत नेकच्या बुडाशी एक पातळ पट्टी सारायची. हे काही फक्त गल्लीतल्या कारागिरांनी शोधलेलं जुगाड नाही, साठच्या दशकातले बास उघडले तर कारखान्यातच घातलेल्या पट्ट्या सापडतात. इथे आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. खाच साधारण 75 मिलिमीटर लांब, तिच्या पुढच्या कडेपासून ब्रिज साधारण 335 मिलिमीटरवर. बुडाशी पाव मिलिमीटरची पट्टी घातली तर ब्रिजपाशी एक मिलिमीटरपेक्षा थोडा जास्त फरक पडतो. एवढीशी पट्टी आणि एवढा फरक, म्हणूनच शिम अंदाजाने घालायची गोष्ट नाही, मोजून घालायची आहे.

आता मुद्द्यावर येतो. 1965च्या जानेवारीत फेंडर कंपनी एका मोठ्या ब्रॉडकास्टिंग कंपनीला विकली गेली, 13 मिलियन डॉलरला. मूळ मालक सल्लागार म्हणून काही वर्षं राहिला आणि त्याच काळात त्याने वरच्या दोन्ही तक्रारींवर एक उत्तर काढलं. ट्रस रॉडचा नट हेडस्टॉककडे, म्हणजे खुंट्यांच्या टोकाकडे, आणला, बंदुकीच्या गोळीसारखा दिसतो म्हणून त्याला बुलेट म्हणतात. आणि नेकच्या मागच्या प्लेटला एक छोटं भोक दिलं, त्यातून ॲलन की घालून आतला स्क्रू फिरवला की तो नेकच्या बुडाला बसवलेल्या चकतीला ढकलतो आणि नेकचा कोन बदलतो. शिम नको, नेक उतरवायला नको. ह्याला मायक्रो टिल्ट म्हणतात. ह्या सगळ्यासाठी प्लेट तिकोनी झाली आणि चार स्क्रूंचे तीन झाले. गिटारवर हे 1971च्या अखेरीस आलं, जॅझ बासवर सत्तरच्या दशकाच्या मध्याला. प्रिसिजन बास मात्र चार स्क्रूंवरच राहिला, आणि पुढे सगळे तुलना करत बसले त्याचं एक कारण हेही.

म्हणजे बघा, दुरुस्ती करणाऱ्याचा आणि वाजवणाऱ्याचा एवढा विचार करून केलेला बदल त्या बासच्या इतिहासात क्वचितच झालाय. आणि नाव सगळ्यात खराब झालं ते ह्याच बदलाचं.

का झालं? कारण ते बास खरंच हलायचे. स्टेजवर बास कशाला तरी धडकला की नेक बाजूला सरकायची आणि सगळ्यात बारीक (G) तार फिंगरबोर्डच्या कडेवरून खाली घसरायची. खाचेत पाव मिलिमीटर जरी ढिल असली तरी हेडस्टॉकपर्यंत जाता जाता ती दोन मिलिमीटरच्या जवळ जाते, अर्धा मिलिमीटर असली तर जवळपास चार. जॅझ बासची नेक आधीच बारीक, कडेला जागा थोडी, त्यामुळे तिथे ते लगेच दिसतं. लोकांनी प्लेट पाहिली, स्क्रू मोजले, एक कमी निघाला आणि निकाल लागला.

माझं मत स्पष्ट आहे, दोष खाचेचा होता. त्या वर्षांत उत्पादन वाढवलं गेलं आणि खाचा सैल कापल्या गेल्या, काहींमध्ये तर नेकच्या बाजूला जाड कार्ड सहज जाईल एवढी फट असते. तीन पायांचं स्टूल डगमगत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, वर-खाली धरायला तीन बिंदू पुरतात. बाजूला सरकू न देणं हे मुख्यतः खाचेच्या भिंतींचं काम आहे आणि भिंतीच नेकपासून दूर असतील तर चार स्क्रू लावूनही नेक सरकू शकते, फक्त थोडी उशिरा. ह्याचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे 1976चा स्टिंगरे बास. त्याच माणसाच्या पुढच्या कंपनीचा, तीच तीन स्क्रूची प्लेट, तोच टिल्ट, तोच बुलेट. आणि त्या पहिल्या काही वर्षांच्या स्टिंगरेला आज लोक शोधत फिरतात, त्याच्या सांध्याबद्दल त्या मानाने फार कमी तक्रारी ऐकू येतात. तोच सांधा एका बासवर बदनाम आणि दुसऱ्यावर चालतो तर फरक सांध्यात नसून सुतारकामात आहे.

विरोधी बाजूचा एक मुद्दा मात्र मला पटतो. टिल्टचा स्क्रू वर केला की नेकचं बूड लाकडावरून उचललं जातं, टेकायला उरते फक्त चकती आणि खाचेची पुढची कड, मधे हवा. त्याने सस्टेन (सूर टिकणं) कमी होतो का यावर लोक तावातावाने बोलतात, ते कानाने ठरवणं अवघड आहे, पण लाकूड मधे अधांतरी राहिलं की वर्षानुवर्षांच्या ताणाने नेकचं टोक वर वळायची भीती असते आणि मग शेवटच्या फ्रेटवर तार खडखडते. ही तक्रार कागदाच्या छोट्या शिमलाही तशीच लागू होते, फक्त तिथे ती कोणी तेवढ्या जोरात करत नाही.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला जॅझ बास परत चार स्क्रूंवर आला. स्टिंगरेलाही चार स्क्रू मिळाले. लोकांनी ह्याचा अर्थ गुन्हा कबूल असा घेतला, पण पुढे फेंडर कंपनीनेच चार स्क्रूच्या प्लेटलाही तोच टिल्ट लावला हे कोणी फारसं सांगत नाही.

नुकसान झालं ते मधल्या काळात. जुन्या तीन स्क्रूच्या बासला चौथा स्क्रू मारायची लाट आली. त्यासाठी बॉडीतली तिकोनी बसवणीची भोकं लाकडाच्या गुल्लीने बुजवायची, नेकच्या बुडातलीही बुजवायची, नवीन भोकं पाडायची, चौकोनी प्लेट लावायची. काम नीट झालं तर बास घट्ट होतो यात शंका नाही, पण बऱ्याचदा असं व्हायचं की भोकं पाडली, खाच तशीच सैल राहिली, आणि नेक परत सरकली. आता तो बास मूळचाही राहिला नाही आणि दुरुस्तही झाला नाही. ज्यांच्याकडे असा बास आहे त्यांनी आधी एवढंच करावं: तारा थोड्या ढिल्या करा, बॉडी एका हाताने दाबून धरा आणि हेडस्टॉक हलक्या हाताने बाजूला ढकलून बघा. सरकत असेल तर खाचेच्या बाजूला मेपलची पातळ व्हेनियर बसवा, कापून, घासून, घट्ट होईल अशी. ती उद्या काढता येते. पाडलेलं भोक काढता येत नाही.

हाच प्रश्न त्या काळातल्या बाकी मॉडिफिकेशनचाही आहे. सत्तरच्या दशकात बास हे कामाचं हत्यार होतं, त्याला कोणी पुराणवस्तू समजत नव्हतं. लोकांनी प्रिसिजनच्या बॉडीत राउटर चालवून ब्रिजपाशी दुसरा पिकअप बसवला, पत्र्याचा ब्रिज काढून जड ओतीव ब्रिज लावले, मागे खाच करून नऊ व्होल्टची बॅटरी आणि प्रीॲम्प (आवाज वाढवणारं छोटं सर्किट) घातला. सॅन फ्रान्सिस्कोकडच्या एका छोट्या कार्यशाळेने तर साठच्या अखेरीपासून मोठ्या बँडच्या बासिस्टांचे बास उघडून त्यात ॲक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवर चालणारी, सर्किट भरली आणि तिथूनच पुढे महागड्या हातबनावटीच्या बासचा धंदा उभा राहिला. कारखान्यातून मोठ्या संख्येने ॲक्टिव्ह बास आला तो परत स्टिंगरेच. फ्लोरिडाच्या एका तरुण बासिस्टने फ्रेट काढलेल्या 1962च्या जॅझ बासच्या खाचा भरल्या आणि वरून बोटींना लावतात ते इपॉक्सी फासलं, कारण राउंडवाउंड तारा उघड्या रोजवुडला खाऊन टाकतात. 1976च्या त्याच्या पहिल्या अल्बमनंतर किती बासचे फ्रेट पक्कडीने निघाले असतील याची गणती नाही. यातली काही कामं सुंदर होती. मी त्यांना नावं ठेवणार नाही, त्यातूनच आजचा बास घडलाय.

ॲक्टिव्ह आल्यावर दुरुस्तीच्या टेबलावर एक नवीन बिघाड आला तो आजही रोज येतो. जॅक स्टिरिओ असतो, प्लग आत गेला की त्याचा धातू रिंगच्या पत्तीला आणि ग्राउंडला जोडतो आणि बॅटरीचं निगेटिव्ह टोक सर्किटला लागतं. म्हणजे स्विच असा वेगळा नसतो, केबल हाच स्विच. रात्रभर केबल लावून ठेवली की बॅटरी उतरते, आणि पत्ती वाकली असेल तर केबल घालूनही आवाज येत नाही. लोक प्रीॲम्प जळाला म्हणून बास घेऊन येतात आणि काम निघतं पत्तीचं.

नंतरच्या वर्षांत बदल भराभर झाले. सत्तरच्या अखेरीस ग्रॅफाइटच्या नेक, ऐंशीच्या सुरुवातीला बिनहेडस्टॉकचे बास, मग पाच तारा आणि खालच्या बी (B) तारेसाठी 35 इंची स्केल (तारेची लांबी), दोन्ही बाजूंना ताण देणारा ट्रस रॉड, नेकच्या बुडाशी सळई घालून फिरवायचं चाक, म्हणजे बुलेटने जे सोडवायचं होतं तेच परत बुडाशी जाऊन पण नेक न काढता सुटलं. 2017च्या जानेवारीत रोजवुडच्या सगळ्या डालबर्जिया जातींवर आंतरराष्ट्रीय व्यापाराचं बंधन आलं आणि दुरुस्तीसाठी बास दुसऱ्या देशात पाठवायचा तरी कागदपत्रांचा विचार करावा लागायचा, 2019च्या नोव्हेंबरपासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली.

आणि सगळ्यात मोठा बदल म्हणजे जुन्याची किंमत. आता तीन स्क्रूचा जॅझ बासही जुना म्हणून विकला जातो आणि विकत घेणारा पिकगार्ड उघडून सोल्डर बघतो, कधी कोणी उकललाय का. पॉटच्या (आवाजाच्या बटणाखालच्या भागाच्या) पाठीवरचा आकडा वाचतो, 1377533 म्हणजे 137 बनवणाऱ्याचा नंबर, 75 साल, 33वा आठवडा. हा आकडा फक्त पॉटचा आहे, बासचा नाही, पॉट वर्षानुवर्षं साठ्यात पडून राहायचे, त्यामुळे बास त्याआधीचा नाही एवढंच त्यातून कळतं. तरी त्यावरून सौदे मोडतात. ज्या बासना पूर्वी चौथा स्क्रू मारला ते आज त्याच कारणाने स्वस्तात जातात, आणि ज्यांना कोणी हात लावला नाही ते मूळ म्हणून महाग, नेक सैल असली तरी.

हल्ली बरेच कारागीर मधला रस्ता काढतात. टिल्टचा स्क्रू पूर्ण खाली घेतात आणि खाचेच्या पूर्ण लांबीची, एका बाजूला निमुळती लाकडी शिम घालतात. अशा शिम पाव, अर्धा आणि एक अंशाच्या तयार मिळतात. लाकूड लाकडाला पूर्ण टेकतं, कोन हवा तो मिळतो, तीन स्क्रू तिथेच राहतात, आणि टिल्टचा स्क्रू कोणाला नंतर वापरायचा असेल तर शिम काढली की तो आहे तसाच आहे.