चांदीपुरा आणि पहिल्या दिवसाचं रक्त

२०२४ च्या जुलैमध्ये गुजरातच्या बातम्यांत मुलांचा जीव घेणाऱ्या एका व्हायरसचं नाव, चांदीपुरा, चांदीपुरा, सारखं ऐकू यायला लागलं तेव्हा आमच्या ऑफिसमध्ये सगळ्यांना वाटलं की ते तिकडचंच कुठलं तरी गाव असणार. मी नागपूरकडचा, म्हटलं अरे बाबांनो ते गाव आमच्याकडचं आहे!

झालं असं की १९६५ मध्ये नागपूर भागात डेंग्यू आणि चिकनगुन्याची साथ होती आणि पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरची (म्हणजे आजची एनआयव्ही) माणसं तापाच्या पेशंटांचं रक्त गोळा करत होती. चांदीपुरा गावातल्या दोन पेशंटांच्या रक्तात डेंग्यूही नाही, चिकनगुन्याही नाही, भलताच तिसरा व्हायरस निघाला. बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा, रेबीजच्या खानदानातला. त्याला गावाचं नाव दिलं, नमुना जपून ठेवला, आणि साधा ताप आणणारा व्हायरस म्हणून पुढे बरीच वर्षं त्याच्याकडे फारसं कुणी बघितलं नाही.

मग २००३ चा उन्हाळा संपता संपता आंध्रात लहान मुलं दगावायला लागली. सकाळी खेळणारं पोर, ताप, उलट्या, झटके, बेशुद्धी, आणि दोन दिवसांत खेळ खलास. ३२९ मुलं आजारी पडली, त्यातली १८३ गेली. मेंदूज्वर म्हटलं की आपल्याकडे पहिला संशय जपानी मेंदूज्वरावर, पण पेशंटांच्या नमुन्यांतून वाढवलेला व्हायरस इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली धरला तर तीच बंदुकीची गोळी. जेनेटिक अक्षरं १९६५ च्या नमुन्याशी लावून बघितली, तर ९६.७ ते ९७.५ टक्के जुळली. ३८ वर्षांपूर्वी कुणीतरी दोन साध्या तापांचं रक्त नीट तपासून ठेवलं होतं म्हणून २००३ मध्ये हे जुळवायला काहीतरी हाताशी होतं, नाहीतर 'अज्ञात ताप' लिहून फाइल बंद झाली असती.

आता खरी मेख सांगतो. साथ किती पसरली हे मोजायची नेहमीची पद्धत म्हणजे रक्तात आयजीएम अँटीबॉडी (संसर्ग झाल्यावर शरीर सुरुवातीला बनवतं त्या) शोधायच्या, स्वस्त आणि सोपी टेस्ट. पण अँटीबॉडी बनायला वेळ लागतो, २००३ च्याच अभ्यासात चौथ्या दिवसानंतर घेतलेल्या रक्तात त्या जास्त वेळा सापडल्या. आणि पोर जातंय दुसऱ्या दिवशी! म्हणजे जे सगळ्यात वाईट आजारी पडले तेच आयजीएमच्या टेस्टमध्ये निगेटिव्ह यायची शक्यता जास्त. म्हणून पहिल्या दिवसाचं सॅम्पल लागतं आणि पीसीआर लागतो, कारण त्यात अँटीबॉडी नाही तर थेट व्हायरसचा आरएनए, म्हणजे त्याची जेनेटिक अक्षरं, शोधतात. पण आरएनए हे फार नाजूक प्रकरण, तालुक्याच्या दवाखान्यातून लॅबपर्यंत बर्फाच्या डब्यातून सॅम्पल नेताना वाटेत बर्फ वितळला तर हाती काही उरत नाही.

दुसरी अडचण माशीची. हा व्हायरस मुख्यतः वाळूमाशी म्हणजे सँडफ्लाय पसरवते. दोन-तीन मिलिमीटरची, मातकट, केसाळ, बसली की पंख इंग्रजी व्हीसारखे वर. आजीच्या मातीच्या घरात संध्याकाळी टॉर्च मारला की भिंतीवर एक ठिपका टुणकन उडून वीतभर पुढे जाऊन बसायचा, आम्ही त्याला चिलट समजायचो. डेंग्यूवाले घरोघरी पिंप, कूलर, टायर बघत फिरतात तो हिशोब इथे चालत नाही, कारण ही पाण्यात अंडी घालतच नाही. तिला भिंतीची भेग, गोठ्याचा ओलसर कोपरा, शेणामातीचा भुगा लागतो. म्हणून कीटकतज्ज्ञ हातात टॉर्च आणि तोंडाने ओढायची काचेची नळी घेऊन भिंती चाचपत बसतात, एकेक माशी पकडून नळीत (मध्ये जाळी असते, काळजी नको). औरंगाबादला अशाच पकडलेल्या माश्यांमध्ये हा व्हायरस सापडला होता. आणि लॅबमध्ये असंही दिसलंय की माशी तो आपल्या अंड्यांमधून पुढच्या पिढीला देऊ शकते, म्हणजे व्हायरस टिकून राहायला मधे माणूस आजारी पडलाच पाहिजे असं काही नाही.

आता पुन्हा २०२४. आपल्याकडे मोजणी व्हायरसवरून सुरू होत नाही, लक्षणांवरून होते: ताप आणि सोबत झटके किंवा शुद्ध हरपणं, असा प्रत्येक पेशंट आधी मोजायचा, आजाराचं कारण नंतर शोधायचं. जूनपासून १५ ऑगस्टपर्यंत असे २४५ पेशंट मोजले गेले, ८२ मृत्यू. त्यात चांदीपुरा पक्का झाला ६४ जणांमध्ये, ६१ गुजरातचे, ३ राजस्थानचे. चॅनेलवाले मात्र २४५ चे २४५ चांदीपुऱ्याच्या नावावर टाकून मोकळे. उरलेल्या १८१ जणांना चांदीपुरा नव्हताच असंही छातीठोक म्हणता येत नाही, कारण त्यातल्या प्रत्येकाबाबत आधी विचारावं लागेल की रक्त कितव्या दिवशी काढलं होतं.