मध्यमेंदू, कुतूहल आणि हळदीचा डाग

सांगलीत नुकतीच ‘मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन’च्या, म्हणजे मुलाचा मध्यमेंदू जागा करून त्याला न पाहता वाचता येईल असा दावा करणाऱ्या एका वर्गाची जाहिरात पाहण्यात आली. डोळ्यांवर पट्टी बांधून पुस्तक वाचणारे मूल आणि त्याखाली भरमसाट शुल्क. पट्टी बांधली तरी नाकाच्या दोन्ही बाजूंना फट उरते आणि मूल त्या फटीतून पाहते. ती नीट बुजवली की वाचन तिथेच थांबते. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची स्थापना १९८९ मध्ये करणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर शेजारच्या साताऱ्याचे होते. त्यांच्या मुलखात सुशिक्षित पालकांनी या फसवणुकीला बळी पडावे, याचे फार वाईट वाटते. मध्यमेंदूचा शिकण्याशी खरोखरच जवळचा संबंध आहे, पण त्याला जागे करायला मुलाचा स्वतःचा प्रश्न पुरतो.

सांगलीजवळच्या जिल्हा परिषदेच्या एका शाळेत, तिसरीच्या वर्गात, एका मुलीने विचारले, “बाई, हळदीचा डाग साबण लावल्यावर लाल का होतो?” बाईंनी उत्तर दिले नाही. आणखी कशाकशाने तो लाल होईल, असे त्यांनी वर्गाला विचारले आणि मुलांचे अंदाज फळ्यावर लिहून घेतले. मग हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदाच्या पट्ट्यांवर चुन्याची निवळी, खाण्याचा सोडा, लिंबू, ताक आणि शिकेकाईचे पाणी यांचे थेंब टाकून पाहिले. निवळीने पट्टी झटकन लालसर झाली. शिकेकाईलाही फेस येतो, म्हणून तीही साबणासारखीच वागेल असे बहुतेकांना वाटत होते, पण ती पट्टी पिवळीच राहिली आणि वर्गात एकच गलका झाला. हळदीतले कुरकुमिन अल्कलीमध्ये लाल होते, आम्लात पिवळे राहते आणि शिकेकाईचे पाणी सौम्य आम्ल असते, हे बाईंनी त्यानंतर सांगितले.

त्या गलक्याच्या वेळी डोक्यात काय घडते, ते पाहण्यासारखे आहे. कानाच्या पातळीवर, मेंदूच्या आत खोलवर ‘हिप्पोकॅम्पस’ नावाचा भाग असतो आणि नव्या आठवणींची घडण त्याच्यावर अवलंबून असते. समोर आलेली गोष्ट नवी किंवा अपेक्षेविरुद्ध आहे असे आढळले, की तेथून निघालेला संदेश काही टप्पे पार करत मध्यमेंदूतील डोपामिन हे संदेशवाहक रसायन तयार करणाऱ्या पेशींपर्यंत पोहोचतो. या पेशींचे लांब तंतू पुन्हा हिप्पोकॅम्पसपर्यंत गेलेले असतात, त्यामुळे सुटलेले डोपामिन तिथेच परत येते. दोन चेतापेशींमधला जोड क्षणभर बळकट झाला, तरी तो बळकटपणा काही तासांत ओसरू शकतो. तो टिकायचा तर पेशीला नवी प्रथिने तयार करावी लागतात आणि डोपामिन या टिकण्याच्या प्रक्रियेला हातभार लावते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०१४ मध्ये याच चक्राचा माग घेतला. सहभागींना सामान्यज्ञानाचे प्रश्न दाखवून, उत्तर येईपर्यंतच्या सुमारे १४ सेकंदांत मध्येच एक अनोळखी चेहरा दाखवला जात असे. ज्या प्रश्नांबद्दल कुतूहल अधिक होते, त्यांची उत्तरे अधिक लक्षात राहिली, यात नवल नाही. मात्र त्या प्रतीक्षेत दिसलेले, प्रश्नाशी काडीचाही संबंध नसलेले चेहरेही थोडे अधिक लक्षात राहिले. सहभागी प्रौढ होते आणि चेहऱ्यांबाबतचा फरक लहान होता, त्यामुळे हा निष्कर्ष तिसरीच्या वर्गाला जसाच्या तसा लावता येणार नाही. तरीही एकात्मिक अध्ययनाच्या, म्हणजे अनेक विषय एकत्र गुंफून शिकण्याच्या बाजूचा सर्वांत भक्कम युक्तिवाद मला इथेच दिसतो. हळदीबद्दल कुतूहल चाळवलेले असतानाच सांगलीच्या बाजारपेठेतील क्विंटलचा हिशेब, हरिपूरच्या जमिनीखालच्या, हळद साठवण्याच्या पेवांची माहिती आणि निरीक्षणांचे चार ओळींतले लेखन पुढे आले, तर ते त्याच प्रश्नाच्या ओघात येते. सर्व विषयांची पाने एका पुस्तकात बांधल्याने हे साधत नाही.

मुलांच्या कलाने शिकवायचे, याचा अर्थ त्यांना मोकळे सोडून द्यायचे असा घेतला जातो, तो चुकीचा आहे. मनात एका वेळी धरून ठेवता येणाऱ्या बाबी प्रौढांतही साधारण चारच असतात आणि लहान मुलांत त्याहून कमी; म्हणून सगळे एकट्याने शोधणे त्यांना जड जाते. पिट्सबर्गमधील क्लार आणि निगम यांनी २००४ मध्ये तिसरी-चौथीच्या मुलांवर केलेल्या अभ्यासात, एका वेळी एकच गोष्ट बदलून प्रयोग कसा करावा, हे उदाहरणांसह समजावून सांगितलेली मुले ते आपले आपण शोधणाऱ्या मुलांपेक्षा बरीच पुढे गेली. एका पट्टीवर गरम साबणाचे पाणी आणि दुसरीवर थंड निवळी टाकली, तर रंग कशामुळे बदलला हे मुलांना कळणार नाही. तिथे बाईंनी हात धरून थांबवलेच पाहिजे. प्रश्न मुलांचा असावा, पण प्रयोगाची शिस्त शिक्षकाने द्यावी.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ कृती, शोध आणि बालकेंद्री पद्धतीने शिकण्याबद्दल स्पष्ट बोलते आणि सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटच्या (शाळांच्या एका गटाच्या) शाळांतले ज्ञानरचनावादी, म्हणजे मुलांनी अनुभवातून स्वतः ज्ञान घडवण्यावर भर देणारे वर्ग पाहायला राज्यभरातून शिक्षक येत असत. त्यामुळे ही कल्पना आपल्याकडे नवखी नाही. अडचण वेळापत्रकाची आहे: पट्टी वाळायलाच बराच वेळ लागतो आणि तेवढ्यात घंटा होते. पहिली ते पाचवीच्या वर्गांना आठवड्यातून दोन-तीनदा तरी सलग दोन तासिका मिळाव्यात आणि त्यांत कोणता प्रश्न घ्यायचा, हे वर्गावरच्या शिक्षकाने त्या दिवशी मुलांकडून ऐकून ठरवावे.