पेट थेरपीचं ट्रेनिंग

पेट थेरपीचं ट्रेनिंग म्हणजे घरातला पाळीव प्राणी आणि त्याला सांभाळणारा माणूस, दोघांना जोडीने तयार करणं, मग ही जोडी हॉस्पिटल, वृद्धाश्रम, स्पेशल मुलांच्या शाळा अशा ठिकाणी जाऊन लोकांना भेटते. त्या माणसाला हँडलर म्हणतात. प्राणी बहुतेकदा कुत्राच असतो, पण अमेरिकेतली पेट पार्टनर्स ही संस्था मांजर, घोडा, ससा, गिनी पिग, पाळलेला उंदीर, पक्षी, छोट्या जातीचं डुक्कर आणि उंटाच्या कुळातले लामा-अल्पाका यांनाही घेते. थेरपी डॉग म्हणजे सर्व्हिस डॉग नव्हे, सर्व्हिस डॉग एकाच दिव्यांग माणसासाठी काम करतो आणि अमेरिकेच्या कायद्यानुसार त्याला दुकानात, हॉटेलात सगळीकडे प्रवेश असतो, थेरपी डॉगला मात्र बोलावलं तिथेच जाता येतं.

या कल्पनेचं श्रेय सहसा बोरिस लेव्हिन्सन या अमेरिकन बालमानसशास्त्रज्ञाला देतात. त्याचा जिंगल्स नावाचा कुत्रा खोलीत असला की एरवी गप्प बसणारी मुलं मोकळी होतात हे त्याच्या लक्षात आलं आणि १९६१ मध्ये त्याने ते बाकीच्या तज्ज्ञांपुढे मांडलं. १९७६ मध्ये एलेन स्मिथ या नर्सने न्यू जर्सीत थेरपी डॉग्जची संस्था काढली, १९७७ मध्ये पोर्टलंडला जी संस्था सुरू झाली तिलाच आज पेट पार्टनर्स म्हणतात. आशियात जिल रॉबिन्सनने १९९१ मध्ये हाँगकाँगला मॅक्स या गोल्डन रिट्रीव्हरला घेऊन डॉक्टर डॉग हा उपक्रम चालू केला.

आता ट्रेनिंग. लोकांना वाटतं कुत्र्याला बस, थांब, ये शिकवलं की झालं, पण ते सगळ्यात सोपं काम आहे. स्वभाव शिकवता येत नाही, तो पारखून घ्यावा लागतो. अनोळखी माणूस जवळ आला की आपणहून त्याच्याकडे जाणारा प्राणी हवा, नुसतं सहन करणारा चालत नाही. पेट पार्टनर्सकडे कुत्रा किमान १ वर्षाचा लागतो आणि तो हँडलरच्या घरी निदान ६ महिने राहिलेला असावा लागतो. परीक्षा अगदी हॉस्पिटलसारखी घेतात, कोणी धांदरटपणे, जोरजोरात कुरवाळतं, कोणी घट्ट मिठी मारतं, कोणी झोकांड्या खात हातवारे करत येतं, मागून धक्का लागतो, शेजारी आरडाओरडा होतो, एकदम चार-पाच जण भोवती जमून हात लावतात, आणि या सगळ्यात हँडलर काय करतो हेही परीक्षक बघत असतो. काही जोड्या फक्त शांत, रोजच्यासारख्या जागांसाठी पास होतात, काही गजबजाटाच्या जागांसाठीही. काटेरी पट्टे किंवा गळा आवळणारी साखळी अजिबात चालत नाही, आणि हा नियम मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण दुखण्याच्या भीतीने गप्प राहिलेला कुत्रा आजारी माणसाजवळ न्यायलाच नको.

हँडलरचा अभ्यास जास्त मोठा असतो. प्राणी वैतागलाय हे ओळखता आलं पाहिजे. उगाच जांभया देणं, ओठ चाटणं, तोंड फिरवणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, शेपूट पायात घेणं, ही लक्षणं गुरगुरण्याच्या कितीतरी आधी दिसतात. धापा टाकणं हेही एक लक्षण आहे, पण नागपूरच्या उन्हाळ्यात नुसत्या उकाड्यानेही कुत्रा धापा टाकतो, म्हणून एकट्या त्यावरून ठरवायचं नाही, बाकीचं अंगही बघायचं. प्राणी थकला की भेट तिथेच थांबवायची, समोर मूल कितीही आग्रह करत असलं तरी. पेट पार्टनर्सकडे दिवसाला जास्तीत जास्त २ तास अशी मर्यादाच आहे. भेटीआधी आंघोळ, कापलेली नखं, रेबीजची लस, जंतनाशक औषध, आणि प्राण्याला हात लावण्याआधी आणि नंतर प्रत्येकाने हात साफ करायचे. कच्चं मांस खाणारे प्राणी घेत नाहीत, कारण त्यांच्यातून साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू पसरू शकतो.

नुसती भेट आणि थेरपी यातही फरक आहे. स्वयंसेवक भेटतो, लोकांना बरं वाटतं, ती भेट. थेरपीत फिजिओथेरपिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञ आधी उद्दिष्ट ठरवतो, पुढे प्रगती लिहून ठेवतो, म्हणजे पॅरालिसिसनंतर कमजोर झालेल्या हाताने कुत्र्याला ब्रश करायला लावणं, किंवा बोलायला अडखळणाऱ्या मुलाकडून कुत्र्याला आज्ञा म्हणवून घेणं.

मुंबई-पुण्यात हे काम ॲनिमल एंजल्स फाउंडेशनने रुजवलं, ती सुरू करणाऱ्या मिनल कविश्वर स्वतः मानसशास्त्रज्ञ आहेत. चेन्नईत ब्लू क्रॉस या प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेने डॉक्टर डॉग चालवला. या कामात आपले देशी कुत्रेही चांगले ठरू शकतात, जातीपेक्षा स्वभाव आणि पिल्लूपणी माणसांची किती सवय झाली हे महत्त्वाचं.

एकदा पास झालं म्हणजे कायमचं असंही नसतं. पेट पार्टनर्समध्ये दर २ वर्षांनी जोडीची पुन्हा परीक्षा होते, आणि वय झालं, सांधे दुखायला लागले, किंवा दारात पट्टा दिसला तरी प्राणी जागचा उठत नाही असं व्हायला लागलं, की त्याला रिटायर करतात.